मास्तरांचं दक्षिण दार

आमचे घरमालक कुलपाशी बोलत. घराबाहेर पडताना कुलूप लावायचं, दोन पावलं मागं सरायचं, उजव्या हाताचं बोट कुलपावर रोखायचं आणि खड्या आवाजात म्हणायचं, "कुलूप लागलं." मग बोट खिडकीकडे. "खिडकी बंद." मग स्वतःच्या पायांकडे. "चपला हायत." एवढं झालं की स्वारी बाजाराला निघायची. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी ट्रंक टेम्पोतून उतरली होती आणि टेम्पो निघूनही गेला होता. नाहीतर मी तशीच परत फिरले असते.

पुढे तीन महिन्यांतच एका संध्याकाळी कामावरून निघताना मी टेबलावरच्या दिव्याकडे बोट रोखून "दिवा बंद" असं मोठ्यानं म्हणाले. शेजारच्या टेबलाचे भाऊसाहेब चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. संगतीचा परिणाम, दुसरं काय.

ही बारामतीतली, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी इंदापूर तालुक्यातल्या शेळगावची. आयटीआयमधून आरेखकाचा कोर्स केला आणि बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात नकाशे काढायची नोकरी मिळाली. खोली शोधायला वडील बरोबर आले होते. आम्ही बौद्ध. घर दाखवताना लोक चांगलं बोलत, पाणी देत, मग आडनाव विचारत आणि मग त्यांना आठवे की खोली कालच गेली. अशा पाच खोल्या कालच गेल्या. सहावं घर इंदापूर रस्त्याला मास्तरांचं. तिथे वडिलांनी दारातच स्वतःहून आडनाव सांगितलं, गाव सांगितलं, म्हणजे नकार लवकर मिळेल आणि संध्याकाळची गाडी गाठता येईल.

मास्तरांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "सकाळी कितीला निघावं लागतं?"

"सव्वासातला."

"मग तीन नंबर घे, पोरी. तितनं दार जवळ पडतंय."

माझी एवढीच चौकशी झाली. वडिलांना मी संध्याकाळच्या गाडीत बसवलं. गाडी सुटताना खिडकीतून म्हणाले, "म्हातारा जरा येडा हाय. पन ऱ्हा हितंच."

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, स्टेशनातले. उभी नोकरी त्यांनी लहान लहान स्टेशनांवर काढली होती, जिथे दिवसात चार गाड्या थांबत आणि दोन न थांबता निघून जात. पण ते ज्याला "आपलं स्टेशन" म्हणत ते यांतलं एकही नव्हतं. ते होतं जपानात, एका मोठ्या शहराच्या कडेला, रोज कामाला जाणाऱ्या-येणाऱ्या माणसांचं. मास्तर तिथे कधीही गेले नव्हते. पुण्याच्या पलीकडे ते सबंध आयुष्यात दोनदा गेले, एकदा भाच्याच्या लग्नाला आणि एकदा गाडीत झोप लागली म्हणून. त्या स्टेशनाचं नाव मी इथे देत नाही, कारण मास्तरांच्या तोंडी ते दर आठवड्याला थोडं बदलत असे आणि खरं कोणतं ते मला आजही माहीत नाही.

त्याचं झालं असं. नोकरीत असताना एकदा पुढच्या ओढ्याचं पाणी रुळांवर आलं आणि गाडी मास्तरांच्या स्टेशनात दुपारभर उभी राहिली. गाडीत एक जपानी इंजिनिअर होता. मास्तरांनी त्याला क्वार्टरवर नेऊन पिठलं-भाकरी वाढली. दोघांनी दुपारभर हातवारे करून रेल्वेच्या गप्पा मारल्या. त्यांच्याकडे म्हणे सिग्नल नुसता बघून चालत नाही, त्याच्याकडे बोट करून तोंडानं म्हणावं लागतं, म्हणजे लक्ष हटत नाही. निघताना त्या माणसानं पिशवीतून एक पातळ पुस्तक काढून मास्तरांना दिलं. त्याच्या गावच्या स्टेशनची माहिती देणारं. सगळं जपानीत, शेवटच्या पानावर तेवढा इंग्रजीत थोडक्यात इतिहास, आणि मधे घडी घातलेला स्टेशनचा नकाशा. ते इंग्रजी पान मास्तरांनी डिक्शनरी घेऊन इतकं वाचलं होतं की त्याच्या घड्या झिजून कागदाचे चार तुकडे झाले होते.

संध्याकाळच्या चहाला आम्हा भाडेकरूंची उजळणी चाले.

"पयलं तितं काय व्हतं?"

"मुळ्याचं रान."

"मुळा केवढा?"

"मांडीएवढा."

"मग?"

मग रेल्वेनं रानात एकच फलाट टाकला. लाकडी खोली बांधली. दार एकच, उत्तरेला. त्या दाराशी हळूहळू बाजार भरू लागला. दक्षिणेकडच्या लोकांना मात्र स्टेशनात शिरायला वाट नव्हती. गाडी डोळ्यांसमोर उभी आणि माणूस फाटकाच्या दिशेनं उलटा पळतोय, असं कैक वर्षं चाललं. लढाईत स्टेशन जळलं. पुन्हा बांधलं. मग दक्षिणेकडच्या लोकांनी अर्ज केले, खेटे घातले, आणि शेवटी रुळांवरून पूल झाला आणि दक्षिण दार उघडलं. आता दोन फलाट, चार रूळ, वर तिकिटाची खोली, उत्तरेच्या दाराशी दुकानं, दक्षिणेच्या दाराशी सायकलींचा तळ. दक्षिण दाराशी आलं की मास्तर चहा खाली ठेवत. "कोनी मेहरबानी केली न्हाय. मानसं व्हती म्हनून दार झालं."

काकी, म्हणजे मास्तरांच्या मंडळी, आतून म्हणत, "माज्या आज्जेसासऱ्याचं नाव इचारा ह्यास्नी. सांगत्यात का बघा."

आता घराची मांडणी सांगते, कारण तिच्यावरच पुढचं सगळं उभं आहे. पुढे इंदापूर रस्ता. रस्त्यावर मोठं लोखंडी दार. आत लांबट अंगण, दोन्ही बाजूंना दोन-दोन खोल्या आणि त्यांच्यापुढे कट्टे. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला पत्र्याचं लहान दार, आणि त्या दारापलीकडे माळावरची वस्ती. कारखाने आल्यावर कामाला आलेल्या लोकांनी तिथे घरं केली होती. थोडे आमचे लोक, थोडे पूर्वी मेंढरं राखणारे, थोडे कुठून कुठून आलेले. वस्तीतून रस्त्याला यायचं तर एका कुंपणापासून दुसऱ्या कुंपणाला वळसे घालत चौकापर्यंत जावं लागे, चांगली वीस मिनिटं. मास्तरांच्या अंगणातून दोन मिनिटं. म्हणून मास्तरांनी पाठच्या भिंतीत दार पाडलं होतं आणि ते पहाटे पाचपासून रात्री नऊपर्यंत सगळ्यांना उघडं असे.

दोन्ही कट्टे म्हणजे फलाट. मधलं अंगण म्हणजे रूळ. रुळावर काही ठेवायचं नाही. बादली नाही, बाज नाही, वाळवण तर नाहीच. काकी उन्हाळ्यात मुद्दाम कुरडया रुळावर घालत आणि मास्तर त्या कडेकडेनं ओलांडत जात. तेवढी सवलत फक्त कुरडयांना होती. कट्ट्याच्या कडेला त्यांनी पिवळा पट्टा मारला होता. वस्तीतली पोरं शाळेला जाताना त्या पट्ट्यावरून एका पायावर जात. येणाऱ्यानं डावीकडून यायचं, जाणाऱ्यानंही आपल्या डावीकडून जायचं. एकदा एक म्हैस आत शिरली, तिलाही मास्तरांनी डावीकडूनच बाहेर काढली.

आणि दारांवर पाट्या. नकाशातली अक्षरं बघून मास्तरांनी स्वतः ब्रशनं रंगवलेल्या. नकाशात दोन दारांशी दोन खुणा होत्या, दोन्ही जपानी, कुठली कशाची ते लिहिलेलं नव्हतं. एक खूण देवळासारखी दिसे: वर कळस, खाली चौकट, आत काहीतरी टांगलेलं. दुसरी खूण म्हणजे दोन माणसं पाठीला पाठ लावून बसलेली. मास्तरांनी विचार केला. देऊळ म्हणजे पुढचं, मानाचं. पाठ म्हणजे पाठीमागचं. पहिलं दार उत्तरेचं असं इंग्रजीत लिहिलेलंच आहे. तेव्हा देऊळ म्हणजे उत्तर, पाठ म्हणजे दक्षिण. त्यांनी रस्त्याच्या दारावर देऊळ रंगवलं, वस्तीच्या दारावर ती दोन माणसं, आणि त्या दिवसापासून रस्त्याचं दार उत्तर दार झालं, वस्तीचं दक्षिण दार.

अडचण एवढीच होती की रस्ता घराच्या दक्षिणेला होता आणि वस्ती उत्तरेला. सूर्य रोज येऊन सांगत होता, पण मास्तर त्याचं ऐकत नसत. "स्टेशनात दिशा नकाशाची चालती," म्हणत. एकदा वडील मला भेटायला आले तेव्हा मास्तरांनी "पोरगी दक्षिण दाराशी भेटंल" असं सांगून त्यांना बाहेर उभं केलं. वडील शेतकरी माणूस, ते ऊन बघून नेमके दक्षिणेला, म्हणजे रस्त्यावर जाऊन थांबले. मी वस्तीच्या दाराशी. तासाभरानं आम्ही भेटलो तेव्हा त्यांच्या हातातली पेरूची पिशवी निम्मी रिकामी झाली होती.

पहाटे पाचला मास्तर जुनी टोपी घालून पत्र्याच्या दाराशी जात. कडी काढत. बोट रोखत. "दक्षिण दार उघडं." मी अंथरुणात असे. त्या आवाजापाठोपाठ पारूबाईंची पावलं ऐकू येत. पारूबाई वस्तीत राहत आणि एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला जात. पाच-पाचला त्या अंगणातून जात आणि जाताना म्हणत, "आबा, गाडी येळंवर हाय." मास्तर म्हणत, "बरोबर." दोघांपैकी कुणीही हसत नसे. मला मात्र रोज पांघरुणात हसू यायचं, आणि बरंही वाटायचं, ते का ते तेव्हा सांगता आलं नसतं.

हे खूळ तुम्हाला कुठून लागलं, असं मी त्यांना एकदा सरळ विचारलं. पुस्तक मिळालेले पुष्कळ असतात, सगळेच काही घराचं स्टेशन करत नाहीत.

"आमी मेंढरंवाली मानसं," मास्तर म्हणाले. "कन्हेरीच्या माळावर माज्या बापाचं वाडगं व्हतं. काट्याचं कुपान, आत मेंढरं. बाकीच्यांच्या वाडग्याला येकच दार. सकाळी सोडली की मेंढरू मेंढरावर चढायचं, कोकरं तुडवली जायाची. बापानं दुसरं दार पाडलं. लोक हसले, वाडग्याला कुटं दोन दारं आस्त्यात व्हय. पन आमचं कोकरू कदी तुडवलं न्हाय." मग म्हणाले, "त्या पुस्तकातला नकाशा उघडला आन् मला बापाचं वाडगंच दिसलं. येवढ्या लांब कुनालातरी त्येच सुचलं व्हतं."

मी रोज नकाशे काढत होते, पण नकाशा बघून कुणाला बाप आठवल्याचं पहिल्यांदाच ऐकत होते.

मास्तरांना एक मुलगा. पुण्याला कंपनीत होता. महिन्यातून एखाद्या रविवारी येई. सरळ, नीटनेटका माणूस, शुद्ध बोलणारा. घर मास्तरांनी निवृत्त होतानाच त्याच्या नावावर केलं होतं. त्याच्या मनात अंगणावर छप्पर टाकून कॉम्प्युटरचे क्लास काढायचे होते. त्या वेळी बारामतीत ते नवीन होतं आणि चाललंही असतं. पण मधून वस्ती जाते तिथे कॉम्प्युटर कसे ठेवणार. वडिलांपुढे विषय काढायला त्याला निमित्त हवं होतं, आणि ते मिळालं. एक नंबरच्या भाडेकरूंची सायकल अंगणातून नाहीशी झाली.

त्या रविवारी सगळे कट्ट्यावर बसलो होतो. मुलगा म्हणाला, "वस्तीतल्याच कुणाचं तरी काम असणार. रोज शेकडो लोक जातात." मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि तो घाईनं म्हणाला, "तुमचं तसं नाही हं ताई."

माझं कसं नाही, हे मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. चहाचा कप धरून बसून राहिले. त्याचा राग आला, आणि गप्प बसल्याचा स्वतःचा त्याहून जास्त आला.

सायकल चौथ्या दिवशी सापडली. पिठाच्या गिरणीत. एक नंबरवाले दळण घेऊन सायकलवर गेले होते आणि गिरणीवाल्याशी निवडणुकीवर बोलता बोलता चालत परत आले होते. कॅरिअरवर दळणाचा डबा तसाच होता. पण बोललेलं बोलून झालं होतं. पुढच्या खेपेला मुलगा म्हणाला, "आज सापडली, उद्या खरंच जाईल. तात्या, मागचं दार मी भिंत घालून बंद करतो. पुढच्या रविवारी गवंडी बोलावतो."

आम्हाला वाटलं, मास्तर आता उसळतील. "घर तुज्या नावावर केलंय," ते म्हणाले. "मागलं दार बंद करायचा तुला हक्क हाय. मी आडवा यायचा न्हाय. शबूद देतो."

मुलानं मला नकाशा काढून द्यायला सांगितला. मी भाडेकरू, नाही कसं म्हणणार. अंगण मोजलं, शाईनं रेघा मारल्या, आणि वस्तीच्या बाजूला त्यानं सांगितलं तसं सुवाच्य अक्षरात लिहिलं: "मागील दार, बंद करणे." लिहिताना एवढं वाईट वाटलेली चार शब्दांची ओळ मी त्या नोकरीत दुसरी लिहिली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पारूबाईंना मास्तरांनी स्वतःच सांगितलं. मी खोलीच्या दाराशी दात घासत उभी होते. पारूबाई म्हणाल्या, "मग आमी पयल्यासारकं वळशानं जाऊ, आबा. साडेचारला उठायचं. न्हाय तरी किती दीस चालनार व्हतं." आणि त्या गेल्या. गाडी वेळेवर आहे असं त्या दिवशी म्हणाल्या नाहीत. त्या आठवड्यात मास्तरांनी कुलपाशी बोलणंही सोडलं. कुलूप लावून नुसते निघून जात. काकींनी बुधवारी रुळावर पापड घातले, आणि मास्तर त्यांवरून चालत गेले. काकी मला म्हणाल्या, "कायतरी कर गं. ह्ये मानूस आतनं इझाय लागलंय."

मी काय करणार होते? पण आमच्या कारखान्यात त्याच सुमाराला जपानहून एक यंत्र आलं होतं आणि ते बसवायला तिकडचा एक तरुण इंजिनिअर. पायाचे नकाशे माझ्याकडे, म्हणून त्याच्याशी रोजचं काम. त्याचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे आमचं छान जमे. गुरुवारी सुट्टी होती. मी त्याला म्हटलं, एक म्हातारे आहेत, तुमच्या देशातल्या एका स्टेशनवर त्यांचा जीव आहे, जरा बोलून या. मास्तरांचं मन रमावं, याहून जास्त काही माझ्या डोक्यात नव्हतं.

तो आला. अंगणात उभा राहून त्यानं पिवळा पट्टा पाहिला, पाट्या पाहिल्या आणि त्याचा चेहरा असा झाला, जणू घरापासून फार लांब असताना कुणी आपल्या बोलीत हाक मारावी. मग वस्तीच्या दाराकडे बोट करून तो म्हणाला, "नॉर्थ."

मास्तर म्हणाले, "नो. साऊथ."

त्यानं वर उन्हाकडे पाहिलं, पुन्हा पाटीकडे पाहिलं. "नॉर्थ," तो नम्रपणे म्हणाला.

"पाठीला पाठ," मास्तर मला म्हणाले. "सांग त्याला. पाठीमागचं दार, म्हंजी साऊथ."

मी जमेल तसं सांगितलं. त्याला फार आनंद झाला. त्यानं खडू मागितला आणि रुळावर, म्हणजे अंगणात, दोन माणसं काढली, पाठीला पाठ लावलेली. तुम्ही बरोबर ओळखलंत, म्हणाला, ही पाठच आहे. पण जुन्या काळी राजा बसायचा तो दक्षिणेकडे तोंड करून, उन्हाकडे. त्याची पाठ उत्तरेकडे यायची. म्हणून पाठ म्हणजे उत्तर. आणि देवळासारखं दिसतं ते दक्षिण.

मास्तर आत गेले आणि पुस्तक घेऊन आले. नकाशा उघडला. त्यानं पाठीला पाठ लावलेल्या माणसांवर बोट ठेवलं. हे पहिलं दार. स्टेशन झालं तेव्हा एवढंच होतं. बाजार इथे, गर्दी इथे, स्टेशनमास्तरची खोलीही याच दाराशी. देवळाच्या खुणेचं दार पुष्कळ नंतर झालं.

मी शब्द शब्द सांगत होते आणि सांगता सांगता मलाच कळत होतं. मास्तर कट्ट्यावर बसले. चहा आला, पाहुणा चहा पिऊन, काकींना वाकून नमस्कार करून गेला, तरी ते तिथेच बसलेले. वस्तीतली दोन पोरं पट्ट्यावरून एका पायावर गेली. त्यांच्याकडे बघत मास्तर म्हणाले, "म्हंजी पोरी, मी इतकी वर्सं ह्यास्नी मागल्या दाराची मानसं म्हनत आलो. आन् पुस्तकात ह्यास्नीच पयलं दार दिलेलं." त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही. मग त्यांनी पाटीकडे बोट रोखलं आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा खड्या आवाजात म्हणाले, "उत्तर दार... उघडं."

शुक्रवारी आणि शनिवारी आमच्या घरात ठाकठोक चालू होती. रस्त्याच्या दारावरची नावाची पाटी मास्तरांनी काढली आणि वस्तीच्या दारावर लावली. पत्रपेटी तिकडे नेली. घराचा नंबर तिकडे. उंबऱ्यापुढची फरशी चौघांनी उचलून तिकडे. तुळस हलवायला काकी तयार नव्हत्या, पण पारूबाई आणि त्यांची लेक आल्या आणि तिघींनी मिळून ती कुंडीसकट नेली. शनिवारी संध्याकाळी काकींनी वस्तीच्या दारापुढे सडा घातला आणि रांगोळी काढली. मला मास्तरांनी एवढंच विचारलं, "तुज्या नकाशात काय लिवलंय?"

"मागील दार, बंद करणे."

"खाडाखोड करू नको. हाय तसाच ऱ्हाऊ दे."

रविवारी गवंडी आधी आला. तो वस्तीतलाच निघाला. थापी आणि ओळंबा घेऊन तो पत्र्याच्या दाराशी आला, नावाची पाटी बघितली, रांगोळी बघितली, रांगोळीवर पाय पडू नये म्हणून बाजूनं आत आला आणि कट्ट्यावर बसून राहिला. नऊच्या सुमाराला मुलगा पुण्याहून आला. रस्त्याचं मोठं दार ढकलून आत.

मास्तर कट्ट्यावरून म्हणाले, "ये. मागच्या दारानं आलास?"

मुलाला कळलं नाही. त्यानं गवंड्याला नकाशा दिला. गवंड्यानं तो वाचला, एका दाराकडे पाहिलं, दुसऱ्या दाराकडे पाहिलं आणि म्हणाला, "सायेब, मागलं म्हंजी त्ये रस्त्याचं ना? त्ये बुजवायचं?"

"ते कसं? हे, हे."

"ह्ये तर पुढचं हाय. पाटी हाय, तुळस हाय. पुढचं दार बुजवायचं म्हंजी..." त्यानं मास्तरांकडे पाहिलं आणि वाक्य सोडून दिलं.

मास्तर अगदी शांतपणे म्हणाले, "मी शबूद दिलाय. मागलं दार बंद कर. मी आडवा येनार न्हाय."

मुलगा पाटी वाचायला अंगणाच्या मधोमध येऊन उभा राहिला. अंगणात म्हणजे रुळावर, आणि मास्तरांनी त्याला बाजूला हो म्हटलं नाही. पाटीवरचं नाव त्याच्याच आजोबांचं होतं, कन्हेरीच्या वाडग्याला दुसरं दार पाडणाऱ्या त्या माणसाचं. शेवटी तो कट्ट्यावर वडिलांशेजारी बसला. गवंड्याला म्हणाला, "आलाच आहात तर त्या उंबऱ्याची फरशी हलतीय, तेवढी नीट बसवून द्या." काकी चहा ठेवायला उठल्या.

कॉम्प्युटरचे क्लास झाले नाहीत. पोस्टमन बिचारा पुढे वस्तीच्या बोळातून वळसा घालून पत्रं टाकायला येऊ लागला, आणि त्याच्या नावानं मास्तर रोज हळहळत. सोमवारी पहाटे पाच-पाचला मी जागी होते. "आबा, गाडी येळंवर हाय," पारूबाई म्हणाल्या. "बरोबर," मास्तर म्हणाले. मी पांघरूण डोक्यावर घेतलं आणि पुन्हा झोपले.

माझी खोली लग्नापर्यंत टिकली. नंतर मी सोलापूरला गेले. मास्तर गेल्याचं मला दोन महिन्यांनी कळलं. मिळेल ती पहिली रजा घेऊन बारामतीला आले. इंदापूरकडून येणारी गाडी रस्त्याच्या दाराशीच थांबते. मी उतरले आणि घाईघाईनं तेच मोठं दार ढकलून आत शिरले. अंगण रिकामं होतं, पिवळा पट्टा ताजा मारलेला. वस्तीच्या दाराशी नावाच्या पाटीखाली मुलगा बसला होता, डोक्यावर मास्तरांची टोपी. पुण्याची नोकरी सोडून तो आईजवळ येऊन राहिला होता. त्यानं मला ओळखलं, उठून दोन पावलं पुढे आला. मला वाटलं, आता हा मास्तरांबद्दल काही बोलेल आणि मला रडू येईल.

तो माझ्यामागच्या दाराकडे बोट करून म्हणाला, "ताई, तुमी बी मागच्या दारानं आला व्हय?"